एकाच व्हाळावरचे

घाडी सर गेल्याची बातमी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आली तेव्हा मी गवार मोडत बसले होते. हातातली शेंग हातातच राहिली. गावी, कणकवलीजवळ, सकाळी अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले असं कुणीतरी लिहिलं होतं. मग धडाधड मेसेज यायला लागले. "सरांनी मला बिस्किट हा शब्द दिला होता." "सरांचा मसल मी अजून जिममधल्या पोरांना सांगतो." "माझ्या मुलीलाही मी शब्दाचं गाव विचारायला शिकवलंय." आणि मी काय करत होते? मी मेसेज मोजत होते. शंभराच्या पुढे गेल्यावर डोक्यात पहिला विचार आला तो असा, की मी गेल्यावर किती येतील?

आता हे काय कुणाला सांगण्यासारखं आहे? नाहीच. पण ते लपवून घाडी सरांबद्दल एक ओळसुद्धा मला खरी लिहिता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मला त्या माणसाचा मत्सर वाटायचा. साधासुधा नाही, चांगला पोटात दुखेल असा. तेवीस वर्षं आम्ही एका शाळेत एकच विषय शिकवला, आणि त्यांच्या वर्गावरून जाताना माझं पाऊल हळू झालं नाही असा एक दिवस गेला नाही.

शाळा घाटकोपर पश्चिमेची, मराठी माध्यमाची. मी मुलुंडची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. मी लागले तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आल्यागेल्या पाहुण्यांसमोर मला मुद्दाम पुढे करायच्या. "ह्या आमच्या कर्णिक बाई. फाडफाड इंग्लिश बोलतात हां." मी फाडफाड बोलून दाखवायचे. पाहुणे माना डोलवायचे. तीन वर्षं असं माझं राज्य चाललं होतं आणि मग दत्ताराम घाडी रुजू झाले.

क्रीम रंगाचा फुल शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. खिशात खडूचे तुकडे, त्यामुळे खिशाखाली कायम एक पांढरा डाग. पायात चपला. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा परळची खोली सोडून सगळं बिऱ्हाड भटवाडीच्या डोंगरावर आलं. ह्यांनी दिवसा कुरियरची पाकिटं वाटून आणि सकाळचं कॉलेज करून बी.ए., बी.एड. केलेलं. हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण ह्या माणसाला सांगायला काही लाज नव्हती आणि विचारायलाही नव्हती.

"नमस्कार बाई. गाव कोणतं तुमचं?"

"मुलुंड."

"ते राहायचं ठिकाण झालं. गाव?"

"मुलुंडच. माझे आजोबासुद्धा इथलेच."

"असं होय," ते इतक्या हळहळीने म्हणाले, की मला क्षणभर वाटलं आमच्या घरी कुणीतरी वारलंय.

गाव विचारायची ही खोड कोकणातल्या माणसाची असतेच, पण सरांची काही औरच होती. शिपायाला विचारतील, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना विचारतील, पंखा दुरुस्त करायला शिडीवर चढलेल्या माणसाला खालून मान वर करून विचारतील. समोरच्याने गाव सांगितलं की त्यांचा चेहरा उजळायचा. मग तिथली नदी कुठली, जत्रा कधी, तिथून मुंबईत कसे आलात. माणूस पाच मिनिटांत त्यांचा होऊन जायचा. मी तेवीस वर्षांत कुणाला काही विचारलं असेल तर ते "गृहपाठ कुठाय?" एवढंच.

आणि हीच खोड त्यांनी वर्गात नेली. फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहायचा, भोवती चौकोन काढायचा आणि म्हणायचं, "पोरांनो, पाहुणा आलाय. विचारा." की अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "गाव खंयचो रे तुझो?" तीन वर्ग पलीकडे ऐकू जायचं. मी तिकडे ॲक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवत असायचे आणि माझ्या वर्गातली पोरं माना वळवून भिंतीकडे बघायची.

"हा बिस्किट," सर सांगायचे. "मूळचा लॅटिन. बिस म्हणजे दोनदा आणि कोक्टुस म्हणजे भाजलेला. पोटापाण्यासाठी फ्रान्सात गेला. तिथे नाव जरा बदललं. मग बोटीत बसून इंग्लंडात. आणि आता हयसर, घाटकोपरात, तुमच्या चहात बुडतोय." पोरं खदाखदा हसायची. त्यांचे आजे असेच बोटीत बसून, नावं जरा बदलून इथे आलेले. त्यामुळे त्यांना शब्द परके वाटायचेच नाहीत. चाळीत नवीन भाडेकरू आला म्हणजे कसं बघतात, तसं बघायची त्यांच्याकडे.

मी स्टाफरूममध्ये म्हणायचे, "हे काय शिकवणं आहे? व्याकरण कुठाय? उच्चार कुठाय?" उच्चारावर मी मुद्दाम जोर द्यायचे, कारण सर इंग्रजी बोलायचे नाहीत. एक अख्खं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सगळं मराठीतून, नाहीतर रंगात आले की मालवणीतून. एकदा डबे खाताना मी म्हटलं, "घाडी सरांना शब्दाचा पणजोबा माहीत असतो, पण शब्द स्वतः घरी आला तर त्याच्याशी बोलता येत नाही." सगळे हसले. सरही हसले. मला हे वाक्य इतकं आवडलं की पुढे मी ते निदान दहा वेळा वापरलं.

एकदा माझ्याच वर्गातल्या मुलीने हात वर केला. "बाई, मसल शब्दाचं गाव कोणतं?"

झालं! माझ्या वर्गात येऊन त्या माणसाचा प्रश्न! मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणावं की नाही? पण एम.ए. आडवं आलं. मी ठोकून दिलं, "मास या शब्दावरून आला. मास म्हणजे गोळा. स्नायू हा गोळाच ना?" पोरांनी लिहून घेतलं. दुपारी माझ्या हजेरीपटात एक चिठ्ठी निघाली. तिरकं, बारीक अक्षर. 'मसल. मूळ लॅटिन मुस्कुलुस, अर्थ छोटा उंदीर. दंड वळवला की कातडीखाली उंदीर पळतो तसं दिसतं म्हणून. वर्गात तुम्हीच सांगा.' खाली सही नाही. सहीची गरजही नव्हती.

ह्या माणसाला दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून "बाई चुकल्या" म्हणता आलं असतं. मी असते तर म्हटलं असतं, आणि घरी जाऊन गोडाचं खाल्लं असतं. पण नाही. तुम्हीच सांगा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हटलं, "काल मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. घरी जाऊन कोण शोधतंय बघायला. कुणीच शोधलं नाही ना?" पोरं ओशाळली. शिक्षकी पेशात ही युक्ती फार जुनी आहे. मग मी त्यांना उंदराची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांनी आपापले दंड वळवून बघितले. तो तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास झाला, आणि तो माझा नव्हता.

मग मी एक जाडजूड कोश घेतला. शब्दांच्या उत्पत्तीचा. रोज स्वयंपाक आटपला की दहा शब्द पाठ. वर्गात जाऊन म्हटलं, "कंपॅनियन. कॉम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे भाकरी. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत. सोबत भाकरी खाणारा तो कंपॅनियन." एकही शब्द चुकला नाही. मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "बाई, तुम्ही पाठ करून आलात ना?" तो कोश अजून माझ्या कपाटात आहे. पाठ्यपुस्तकांच्या मागे ठेवलाय, दिसू नये म्हणून.

तरी हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण मराठी शाळांचं काय होत गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. दर वर्षी एखादा वर्ग कमी. पोरं रिक्षात बसून इंग्रजी शाळेत जायला लागली. माझी स्वतःची मुलगीही गेली, मी कुठल्या तोंडाने कुणाला बोलू? होता होता दहावीच्या दोन तुकड्यांची एक झाली. एक दहावी आणि इंग्रजीचे शिक्षक दोन. आतापर्यंत 'अ' माझी आणि 'ब' त्यांची होती. आता ज्याला दहावी नाही तो पाचवी-सहावीचा मास्तर. शाळेच्या बाहेर लोक विचारतात ना, "दहावीला कोण आहे?" तेवढंच विचारतात. मोठ्या बाईंनी दहावी घाडी सरांना दिली.

त्या वर्षी मी नीट जेवले नसेन. वर्षाच्या शेवटी मी मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. दोन पानी, इंग्रजीत. त्यात सगळं घातलं. एकेका शब्दावर अर्धा अर्धा तास जातो, पोर्शन रेंगाळतो, वर्गात गाण्यासारखा कोरस चालतो, शेजारच्या वर्गांना त्रास होतो. खोटं एकही नव्हतं. म्हणूनच तर ते जास्त वाईट होतं. जूनमध्ये वेळापत्रक लागलं. दहावी माझी, सरांना पाचवी आणि सहावी.

मी त्यांचं तोंड बघायला थांबले होते, खोटं कशाला बोलू? ते आले, वेळापत्रक वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं बाई. दहावी योग्य हातात गेली." मला वाटलं टोमणा आहे. मी पर्स उचलली आणि निघून गेले.

ऑगस्टमध्ये मला कळलं की माझी दहावी संध्याकाळी घाडी सरांकडे जाते. एक-दोघं नाही, निम्मा वर्ग. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, शिकवणी घेतोय होय? शाळेच्या शिक्षकाला शिकवणीची बंदी. आता बघतेच. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी भटवाडीचा डोंगर चढले. तीनदा थांबले, दोनदा पत्ता विचारला. दोन्ही वेळा समोरच्याने विचारलं, "घाडी सरांकडे ना?"

पायऱ्या संपतात तिथे सार्वजनिक नळ होता आणि त्याच्या मागे सिमेंटची टाकी. मी टाकीच्या आडोशाला उभी राहिले. भटवाडीत पाणी साडेपाचला यायचं आणि पाच वाजल्यापासून रांग लागायची. रांग माणसांची नव्हती, हंड्यांची होती. हंडा लावून ठेवायचा आणि आपण घरात जाऊन भाकऱ्या भाजायच्या. नळ सुरू झाला आणि रांग पुढे गेली, की मागच्याने समोरचा बिनमालकाचा हंडा पुढे सरकवायचा, मग मालकिणीशी आपलं भांडण असो नाहीतर काही असो. हे मला कुणी सांगितलं नाही, बघता बघता कळलं. एक काकू समोरच्या हंड्याकडे असं बघत होत्या की त्यांचं आणि त्या हंडेवालीचं बोलणं बंद आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. रांग हलली. काकूंनी तो हंडा सरकवला, पण पायाने. हात लावला नाही.

रांगेच्या मध्ये, दोन हंडे आणि एक कळशी घेऊन, पायरीवर घाडी सर बसले होते. बायकोचे गुडघे गेलेले, म्हणून पाणी तेच भरायचे. आजूबाजूला माझी दहावी. कुणी पायरीवर, कुणी उपड्या बादलीवर. टाकीच्या भिंतीवर खडूने एक शब्द, भोवती चौकोन. रायव्हल.

"पुस्तकात अर्थ काय दिलाय?"

"प्रतिस्पर्धी," पोरं म्हणाली.

"म्हणजे दुश्मन," एक जण म्हणाला.

"त्यालाच विचारूया."

"गाव खंयचो रे तुझो?" पोरांबरोबर रांगेतल्या बायकाही ओरडल्या. त्यांना पाठ होतं.

"हा मूळचा लॅटिन," सर म्हणाले. "रिवुस म्हणजे आपला व्हाळ. ओढा. एकाच व्हाळाचं पाणी दोन शेतकरी शेताला लावतात, ते एकमेकांचे रिवालिस. मग हा फ्रान्सात गेला, फ्रान्सातून इंग्लंडात. इतक्या प्रवासात लोक व्हाळ विसरले, भांडण तेवढं लक्षात राहिलं."

"पण भांडायचेच ना, सर?"

"भांडतले नाय तर काय! डोकी फोडतले. पण पाणी एकच. व्हाळ आटलो तर दोघंय मरतले. आता ह्या काकू बघा. हंडो सरकवल्यानी की नाय? वैरीण असती तर लाथ मारून उपडो केल्यान असतो. ही रायव्हल."

"गप ऱ्हवा ओ सर, माका मधी घेव नकात!" काकू ओरडल्या, आणि सगळा डोंगर हसला. मलाही हसू आलं, ते मी पदराआड दाबलं.

तेवढ्यात माझ्याच वर्गातल्या एका पोरीने विचारलं, "सर, तुमचे रायव्हल कोण?"

"आमच्या कर्णिक बाई," सर म्हणाले. जराही थांबले नाहीत. "शाळेत दहावी एकच उरली. पाणी थोडं आणि भरणारे दोघं. पण बाईंकडचं पाणी स्वच्छ हां. गोष्टी झाल्या, आता बाईंच्या नोट्स काढा. प्रश्न सातवा. बाईंनी लिहिलंय तसंच लिहायचं, आपली अक्कल घालायची नाय. परीक्षा गोष्टींनी पास होत नाय, बाईंच्या नोट्सनी होते."

आणि तो माणूस नळाचा आवाज ऐकत, मधून मधून हंडे सरकवत, माझ्या नोट्स त्यांच्याकडून घोटून घ्यायला लागला. माझ्या! ज्या वर्गात वाटताना पोरं जांभया द्यायची.

मला काय वाटलं सांगू? आधी लाज वाटली. खूप वाटली. आणि मग त्या लाजेच्या खालून परत मत्सरच वर आला. एवढं मोठं मन ह्यालाच का दिलं? मला थोडं दिलं असतं तर देवाचं काय जाणार होतं? माणूस हलकट असता तर मी सुखाने त्याचा द्वेष केला असता. ह्याने तेवढीही सोय ठेवली नव्हती. मी तशीच उभी होते, तर मागून एक म्हातारी आली. "ओ बाये, हंडो खंय तुझो? बिनहंड्याची मधी घुसा नको." मी मागच्या मागे पायऱ्या उतरले. दुसरं पत्र काही मी लिहिलं नाही.

त्या वर्षी दहावी इंग्रजीत सगळीच्या सगळी पास झाली. मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि टाळ्या माझ्यासाठी वाजवल्या. सर्वांत जोरात घाडी सरांनी वाजवल्या. मी पेढा खाल्ला. डोंगरावरचं काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं, पण टाळ्या चालू होत्या.

मी निवृत्त झाले, दोन वर्षांनी तेही झाले. भेटी नाहीत. गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी चारला बेल वाजली. दारात घाडी सर. तेवीस वर्षांत ते माझ्या घरी कधी आले नव्हते, कारण मी कधी बोलावलंच नव्हतं. हातात पिशवी, त्यात आमसुलं आणि कुळथाचं पीठ. "गावी चाललोय बाई, कायमचा. म्हटलं भेटून जाऊया." मी चहा टाकला. गावी घर बांधलंय, बायकोला डोंगर चढवत नाही, असं इकडचं तिकडचं झालं. आणि मग मला राहवेना. इतकी वर्षं ते पत्र माझ्या छातीवर बसलेलं होतं.

"सर, दहावी तुमच्याकडून मी काढून घेतली. मोठ्या बाईंना मी पत्र लिहिलं होतं."

"माहीत आहे की," ते म्हणाले. "मोठ्या बाईंनी मला दाखवलेलं. दोनदा वाचलं मी. काय सुंदर इंग्लिश, बाई! पण दहावी त्यामुळे नाय गेली. त्याच्या आधल्याच आठवड्यात मी मोठ्या बाईंना सांगून आलो होतो, दहावी कर्णिक बाईंना द्या म्हणून."

बघा. इतकी वर्षं ज्या पापाने मी झुरले, तेसुद्धा ह्या माणसाने माझ्या हातून काढून घेतलं.

"पण का?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी कप खाली ठेवला. बाहीचं बटण सोडलं, परत लावलं. "दहावीला तोंडी परीक्षा असते. पोरांशी इंग्लिशमध्ये बोलावं लागतं. माझ्या तोंडातून येत नाय, बाई. शब्द सगळा म्हायत असतो, त्याचं घरदार म्हायत असतं. पण बाहेर काढायचो म्हटल्यावर घाम फुटता. माझ्यामुळे पोरांचे मार्क जात होते." मग खाली बघत म्हणाले, "मी जळायचो तुमच्यावर. तुम्ही कविता वाचायला लागलात की मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा राहून ऐकायचो. कुणी आलं की नोटीसबोर्ड वाचायचो. तेवीस वर्षं ऐकलं, पण जमलं नाय."

मी खोटं बोलणार नाही. मला आनंद झाला. आधी आनंद झाला आणि मग डोळ्यांत पाणी आलं, ह्याच क्रमाने. माझ्या वर्गाबाहेरही कुणाचं पाऊल हळू होत होतं! आणि ह्याच माणसाला मी डबे खाता खाता काय काय बोलले होते.

"एक काम होतं," ते म्हणाले आणि पिशवीतून एक जाड वही काढली. प्रत्येक पानावर तिरक्या, बारीक अक्षरात शब्द, पुढे त्याचं गाव. "ह्यातले निम्मे मी कधी कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. फक्त वाचलेत. तुम्ही म्हणून दाखवाल?"

मी वाचायला लागले. ते पाय जुळवून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले आणि माझ्या मागून हळूच, ओठातल्या ओठात म्हणत राहिले. एखादा चुकला की म्हणायचे, "परत एकदा, बाई." मी परत म्हणायचे. आयुष्यभर मी ज्यासाठी जीव टाकला तो विद्यार्थी माझ्यासमोर बसला होता, सत्तरीला टेकलेला. वाचता वाचता एका पानावर मी अडले. शब्द होता फ्रिव्हलस. समोर लिहिलं होतं, 'लॅटिन. फुटकी मडकी, बिनकामाची. कर्णिक बाईंच्या पत्रातून.'

त्यांचं शिकवणं उथळ आहे म्हणायला मी तो वापरला होता. सर वाट बघत होते. त्यांच्या तोंडावर राग नाही, काही नाही, फक्त शब्द ऐकायची घाई. मी तो म्हटला. तीनदा म्हटला. तीनदा त्यांनी माझ्यामागून म्हटला. मग मी वही मिटली. निम्मीच झाली होती. खरं तर माझ्याने पुढे वाचवेना, आणि दुसरंही एक होतं. मला वाटलं, ह्यांनी परत यावं. माझ्या तासाला कुणीतरी परत यावं, एवढंच मला हवं होतं. मी वर्गातल्या बाईंच्या आवाजात म्हटलं, "आज एवढं पुरे. उरलेले पुढच्या वेळी."

"हो बाई," ते म्हणाले. हट्ट केला नाही. वही पिशवीत घातली, चपला घातल्या. "येतंय मी."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ते गेटमधून बाहेर पडले आणि रिक्षा स्टँडकडे चालायला लागले. सरळ गेले नाहीत, मध्येच थांबत होते. ओठ हलत होते. स्टँडवरच्या रिक्षावाल्याने विचारलं असावं कुठे जायचं, तर ते त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणाले आणि स्वतःशीच हसले. मग रिक्षात बसायच्या आधी वळून, वर माझ्याकडे बघून, हात तोंडाशी धरून, भर रस्त्यात मोठ्याने ओरडले, "फ्रिव्हलस!"

एकदम बरोबर.